चार्टवरची वेळ

नाईट उतरून, डे ऑफ जोडून, कुणी मैत्रिणीशी ड्युटी बदलून घेऊन इथवर आलेल्या माझ्या परिचारिका भगिनींनो, परिचारक बांधवांनो आणि विद्यार्थी मित्रांनो,

या अधिवेशनाचं अध्यक्षपद तुम्ही माझ्याकडे दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. वॉर्डात उभं आयुष्य गेलेल्या बाईला याहून मोठा मान मिळायचा नाही. आपल्या व्यवसायापुढच्या अडचणींची यादी या सभागृहातल्या प्रत्येकीला पाठ आहे. रिक्त पदं, कंत्राट, पगार, मारहाण, परदेशी जाणाऱ्या मुली. तीच यादी पुन्हा वाचण्यात तुमचा वेळ मी घेणार नाही. या सगळ्याच्या मुळाशी मला जी एक गोष्ट दिसते, ती आधी सांगते. वॉर्डात माणसं किती कमी आहेत हे बाहेर कुणाला कळत नाही, कारण ती उणीव वर्षानुवर्षं आपणच अंगावर घेऊन झाकत आलो आहोत. ती झाकणं आता थांबवायला हवं.

सकाळच्या सहाच्या इंजेक्शनांचा हिशेब मांडून बघू. मेडिसिनचा वॉर्ड आहे, पंचेचाळीस रुग्ण आहेत, त्यातले पंधरा खाली गादीवर. नाईटला एक परिचारिका आहे. त्यातल्या तीस जणांना शिरेतून अँटिबायोटिक आहे. औषध पातळ करायचं, केसपेपरशी नाव ताडून बघायचं, इंट्राकॅथ सुजलं नाही ना ते पाहायचं, सलाईनने फ्लश करायचं, मग औषध हळूहळू सोडायचं, पुन्हा फ्लश करायचं, सुई जागेवर टाकायची आणि पुढच्या खाटेकडे जाण्याआधी हात स्वच्छ करायचे. कुठेही न चुकता हे केलं तर एका रुग्णाला चार मिनिटं लागतात. तीस रुग्णांना दोन तास. तेवढ्यात कुणाला धाप लागली नाही, कुणी खाटेवरून पडलं नाही, अपघात विभागातून नवी भरती आली नाही आणि फोन एकदाही वाजला नाही, असं धरलं तरच दोन तास. म्हणजे पहिलं इंजेक्शन पहाटे चारला जातं, नाहीतर शेवटचं आठला. चार्टवर मात्र तिसांसमोर एकच वेळ पडते : सहा.

तो ‘सहा’ आळसातून लिहिला जात नाही. ती मुलगी रात्रभर बसलेली नसते. पण तो आकडा लिहिला गेला की कागदोपत्री वॉर्डात कशाची कमतरता उरत नाही. तपासणीला आलेला अधिकारी चार्ट बघतो, सगळं वेळेवर झालेलं दिसतं, आणि एका परिचारिकेत वॉर्ड चालतो हे सिद्ध होतं. पुढच्या वर्षी पदं मागायला गेलं की हाच चार्ट आपल्याविरुद्ध उभा राहतो.

झाकण्याच्या आणखीही कितीतरी रीती आपल्या अंगवळणी पडल्या आहेत. ‘बाटली संपत आली की सांगा हं’ असं आपण नातेवाइकांना सांगतो आणि सलाईनवर लक्ष ठेवण्याचं काम रुग्णाच्या सुनेकडे जातं. लघवीचं मोजमाप मुलगा करतो. अर्धांगवायूच्या आजोबांना कुशीवर वळवायचं काम, शेजारच्या खाटेवरचा कुणी धट्टाकट्टा असला, तर तो करतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनी शिकायला येतात आणि स्टाफ म्हणून मोजल्या जातात. रिलीव्हर आली नाही की डबल ड्युटी केली जाते, आणि तिची नोंद कुठेच राहत नाही.

आता निकष बघू. शिक्षण रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, असं इंडियन नर्सिंग कौन्सिलने सांगितलं आहे. हा आकडा मंत्र्यांच्या भाषणात येतो, आपल्याही मोर्च्यांत येतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की या बायका तीन-तीन रुग्णांना एकेक सिस्टर मागताहेत. तसं नाही. हे तीनास एक प्रमाण तिन्ही पाळ्या मिळून आहे. एका पाळीत नऊ रुग्णांमागे एक, असा त्याचा अर्थ. शिक्षण नसलेल्या रुग्णालयांत पाचास एक, म्हणजे पाळीला पंधरा रुग्णांमागे एक. रजा राखीव म्हणून तीस टक्के पदं वेगळी. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९९९ मध्ये कायदा केला आणि २००४ पासून तो अमलात आणला. तिथल्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात कोणत्याही पाळीत एका परिचारिकेकडे पाचांहून अधिक रुग्ण देता येत नाहीत. आपण मागतो ते नऊ. मी सांगितलेल्या वॉर्डात आपल्याच निकषाने रात्री पाच जणी हव्यात. असते एक.

या फरकाची किंमत कोण मोजतं, याचा अभ्यास झालेला आहे. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या नऊ देशांतल्या चार लाखांहून अधिक शस्त्रक्रियेच्या रुग्णांची माहिती मांडली. परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असं त्यांना आढळलं. हे आकडे युरोपातले आहेत, आपल्या वॉर्डांना ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे मला कळतं. पण तिथे एकेका रुग्णाच्या फरकाची चर्चा चालते. आपल्याकडे पाच जणींच्या जागी एक आहे, आणि तिच्या वाट्याला आलेल्या पंचेचाळिसांपैकी किती जण केवळ वेळेवर पाहायला कुणी नव्हतं म्हणून गेले, हे आपण मोजलेलंच नाही. मोजणार कसं? चार्टवर सगळ्यांसमोर सहा वाजलेले आहेत.

आपल्या देशात परिचारिका कमीच आहेत, असं म्हणून हात झटकले जातात. त्याबद्दलही थोडं बोलते. भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. १९७१ पर्यंत पाचशे लोकांमागे एक व्हावी, असं उद्दिष्ट समितीने ठेवलं. काही वर्षांपूर्वी संसदेत सरकारने दिलेल्या उत्तरांत नोंदणीकृत परिचारिकांची संख्या ३३ लाखांवर आणि प्रमाण हजारी १.९६ असं सांगितलं गेलं. पाचशेस एक म्हणजे हजारी दोन. १९७१ साठी ठरवलेल्या जागी आपण पन्नास वर्षांनी पोचतो आहोत, आणि तेही नोंदवहीत. नोंदणी झालेली मुलगी कदाचित लंडनला असेल, कदाचित विम्याच्या कंपनीत असेल, किंवा नऊ-दहा हजारांत नर्सिंग होममध्ये राबण्यापेक्षा घरी शिवणकाम बरं म्हणून घरी बसली असेल. माणसं तयार होतात आणि खाटेपाशी टिकत नाहीत, हे आपलं खरं दुखणं आहे. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५७ नवी नर्सिंग महाविद्यालयं जाहीर झाली. त्यांचं स्वागतच आहे. पण टाकीला भोक असताना नळ मोठा केला तर पाणी किती साठणार?

पगाराचा विषय निघाला म्हणून सांगते. २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर निकाल दिला आणि खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनासाठी समिती नेमायला सांगितलं. समितीने स्पष्ट शिफारशी केल्या. दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतकं वेतन द्यावं. शंभराहून अधिक खाटा असतील तर ते त्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी नसावं, पन्नास ते शंभर खाटांना पंचवीस टक्क्यांहून अधिक कमी नसावं, आणि पन्नासांखालच्या रुग्णालयातही महिना वीस हजारांच्या खाली जाऊ नये. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. त्यानंतर आलेल्या किती मुलींनी या शिफारशी वाचल्या असतील? नोकरीवर घेताना मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवून घेणारी आणि सोडताना बाँडचे पैसे मागणारी रुग्णालयं अजून आहेत. आपल्या विद्यार्थिनींना आपण आयव्ही लावायला शिकवतो, नेमणूकपत्र वाचायला शिकवत नाही. शेवटच्या वर्षाला दोन तास काढून या शिफारशी त्यांच्या हातात देणं आपल्या पाठ्यनिर्देशिकांना सहज जमेल.

सरकारी बाजूला कंत्राटाची कीड लागली आहे. एकाच वॉर्डात, एकाच टेबलाशी, एकच ओव्हर घेणाऱ्या दोघी. एकीला रजा आहे, भविष्य निर्वाह निधी आहे, बाळंतपणाची रजा हक्काची आहे. दुसरीचा करार अकरा महिन्यांचा, मध्ये एक दिवसाचा खंड, आणि मग पुन्हा अकरा महिने. सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्यस्रोत संस्थांमार्फत पदं भरण्याचा शासन निर्णय निघाला. विरोध झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला गेला. निर्णय मागे गेला, पद्धत गेलेली नाही. यात आपलीही एक गोष्ट मला सलते. कंत्राटी मुलीला नाईट जास्त लावायच्या, सणाला तिचीच ड्युटी, ऑफ मागितला तर ‘तू नवीन आहेस’ हे उत्तर. हे शासन करत नाही, ड्युटी लिस्ट लिहिणारा हात करतो. परिसेविका भगिनींना माझी हात जोडून विनंती आहे की हे थांबवा. ती मुलगी उद्या आपल्याबरोबर उभी राहायला हवी असेल, तर आज तिला दिवाळीची सुट्टी मिळायला हवी.

आणि वॉर्डात काही बिघडलं की ही मुलगी सगळ्यांत आधी सापडते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि अकरा रुग्ण दगावले. त्या आयांचं आणि त्या कुटुंबांचं दुःख आपल्या कुठल्याही गाऱ्हाण्याहून मोठं आहे, हे मी आधी म्हणते. जिथे हयगय झाली तिथे चौकशी व्हावी, आणि परिचारिकेचीही व्हावी. पण भंडाऱ्यात कंत्राटी परिचारिकांना कामावरून काढलं गेलं, त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. अहमदनगरला एका वैद्यकीय अधिकाऱ्यासोबत तीन परिचारिकांना अटक झाली. विजेची तार, अग्निशमनाची यंत्रणा, फायर ऑडिटची फाईल यांतलं काहीही परिचारिकेच्या ताब्यात नसतं. त्या पाळीला तिच्याकडे किती रुग्ण होते, निकषाने किती असायला हवे होते, हा प्रश्न प्रत्येक चौकशीत पहिला विचारला गेला पाहिजे. आणि तो विचारला जावा म्हणून त्याचं उत्तर त्या रात्रीच्या रजिस्टरात, आपल्याच अक्षरात, आधीपासून लिहिलेलं असायला हवं.

गावाकडच्या आपल्या एएनएम भगिनींची गोष्ट वेगळी नाही. सपाटीवर पाच हजार आणि आदिवासी-डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, हा जुना निकष. पावसाळ्यात ओढा ओलांडून गरोदर बाईच्या घरी जायचं, रक्तदाब घ्यायचा, लोहाच्या गोळ्या द्यायच्या, आणि परत येऊन तेच आधी रजिस्टरात, मग आरसीएच पोर्टलवर, मग यू-विनवर भरायचं. रेंज नसली की टेकडीवर चढून भरायचं. १६ जानेवारी २०२१ ला करोनाची लस सुरू झाली आणि २१ ऑक्टोबरला देशाने शंभर कोटी मात्रांचा टप्पा गाठला. त्यातल्या बहुतेक सुया परिचारिकांच्या आणि एएनएमच्या हातांनी टोचल्या गेल्या. लसीकरण कसं केलं हे जगाला सांगताना थर्मास-पेटी खांद्याला लावून चाललेल्या या बायकांची नावं कुणी घेतली नाहीत, तर ती आपण या व्यासपीठावरून घ्यायला हवीत. आणि त्यांना दुहेरी नोंदीतून सोडवा, अशी मागणी आपल्या ठरावात सगळ्यांत वर असायला हवी.

परदेशी जाणाऱ्या मुलींबद्दल मी रागाने बोलणार नाही. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. मुली जर्मन शिकताहेत. त्यांनी जावं, मानाने राहावं. मात्र तिथे एका पाळीत त्यांच्याकडे किती रुग्ण असतात, हे त्यांनी आपल्याला पत्राने कळवत राहावं.

आता सुरक्षिततेबद्दल बोलायला हवं, आणि ते केईएममधल्या अरुणा शानबाग यांचं नाव घेतल्याशिवाय बोलता येत नाही. २७ नोव्हेंबर १९७३ ला ड्युटी संपवून त्या कपडे बदलत होत्या. रुग्णालयातल्याच एका कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला. १८ मे २०१५ ला त्यांचं निधन झालं. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. ज्यांनी सुरुवात केली त्या निवृत्त झाल्या, हल्ल्याच्या वेळी ज्या जन्मल्याही नव्हत्या त्यांनी ओव्हर घेतली. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या अंगावर एकही बेडसोअर नव्हता, याची दखल २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने घेतली. अरुणाबाईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असंही न्यायालयाने मानलं. दोन-दोन तासांनी कूस बदलणं, पाठ पुसणं, चादरीची एक सुरकुतीही राहू न देणं, यातलं प्रत्येक काम साधं आहे. ते बेचाळीस वर्षं चुकवलं गेलं नाही. परिचर्या काय करू शकते, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

पण त्याच प्रसंगाची दुसरी बाजू अजून सुटलेली नाही. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या लोकांवरच्या हिंसाचाराविरुद्ध कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र आहे. तरी तुमच्यापैकी कितीजणींच्या वॉर्डाजवळ आतून कडी लागणारी कपडे बदलायची खोली आहे? नाईटला एकटीने रक्तपेढीत जायचा रस्ता किती ठिकाणी उजेडाचा आहे? नातेवाईक अंगावर आले तर सुरक्षारक्षक किती मिनिटांत पोचतो? आणि मारहाणीची कारणं शोधत गेलात, तर बहुतेक वेळा सुरुवात एकाच वाक्याने झालेली दिसेल : ‘कधीपासून बोलावतोय, कुणी येत नाही.’ येणारी एकच असते आणि ती दुसऱ्या टोकाला कुणाची छाती दाबत असते. आपली सुरक्षा आणि आपली संख्या हे एकाच मागणीचे दोन भाग आहेत.

आता आपल्या वारशाबद्दल. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ ला गेल्या. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने पुढे पुण्यात ससूनमध्ये बायकांना परिचर्येचं शिक्षण मिळवून दिलं, तेही समाज नाकं मुरडत असताना. या दोघींचं ऋण आपल्यावर आहे. पण त्यांच्या तसबिरीला हार घालून ‘सेवा हेच तुमचं वेतन’ असं आपल्याला सांगितलं जातं, तेव्हा मी ते मान्य करत नाही. रमाबाईंनी बायकांना शिकवलं ते त्यांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून.

माझं म्हणणं आता कामाच्या पातळीवर आणते. आजपासून आपण खरी वेळ लिहूया. औषध सात-चाळीसला दिलं तर सात-चाळीस लिहायचं. कूस बदलायला जमलं नाही तर ‘मनुष्यबळाअभावी झालं नाही’ असं स्वच्छ लिहायचं. प्रत्येक ओव्हरच्या वहीत पहिली ओळ एकच : या पाळीत रुग्ण किती, गंभीर किती, परिचारिका किती. आणि तीच ओळ वॉर्डाच्या दाराशी फळ्यावर मोठ्या अक्षरात, म्हणजे आत येणाऱ्या नातेवाइकालाही समजेल की आपल्या माणसाजवळ सिस्टर का नाही.

यात भीती आहे, ती मी कमी लेखत नाही. एकटीने सात-चाळीस लिहिलं तर मेमो तिच्याच हातात पडेल. कंत्राटी असेल तर करारच संपेल. म्हणून हे एकटीने करायचं काम नाही. ज्या रुग्णालयात सुरुवात होईल, तिथे अधिसेविकेपासून शेवटच्या नव्या मुलीपर्यंत सगळ्यांनी एकाच तारखेला सुरू करायचं. मेमो आला तर उत्तर अधिसेविकेच्या सहीने आणि संघटनेच्या वकिलाच्या सल्ल्याने जाईल. अधिसेविका पदावरच्या भगिनी पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्याकडे बघून मी हे बोलते आहे, कारण ही ढाल त्यांनाच धरावी लागणार आहे.

राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा २०२३ मध्ये झाला. १९४७ च्या कायद्याची जागा तो घेणार आहे. नव्या व्यवस्थेत प्रमाणाचा निकष शिफारस म्हणून राहणार की बंधनकारक होणार, हे ठरायच्या आत आपल्या हातात महाराष्ट्रातल्या वॉर्डांच्या खऱ्या नोंदी हव्यात. सहा महिन्यांच्या नोंदी असल्या तरी चालतील.

ठराव समिती दुपारी बसते आहे. तिच्यासमोर मी तीन शब्दप्रयोग ठेवते. मसुद्यात ‘पुरेसं मनुष्यबळ’ असं मोघम न लिहिता ‘प्रत्येक पाळीत नऊ रुग्णांमागे एक’ असं लिहावं. ‘कर्मचारी’ या शब्दात कंत्राटी परिचारिका येतात, हे कंसात नव्हे तर वाक्यात लिहावं. आणि वॉर्डाच्या दारावरच्या फळ्याची मागणी रुग्णाचा हक्क म्हणून मांडावी, कारण ती त्याचीही आहे. मसुद्यावर सही करणाऱ्यांत निदान एक कंत्राटी मुलगी, एक परिचारक आणि उपकेंद्रावरची एक एएनएम असावी. त्यांची नावं जेवणाच्या सुट्टीआधी कार्यवाहांकडे द्या.